वाचकांचे प्रश्न : ‘सी’ प्रोग्रॅममध्ये बेस-६४

प्रश्न : आमच्याकडे चादरीची जॅकार्ड डिझाइन तयार होतात. एका ओळीला १,३४४ हूक (ताण्याचे धागे उचलणारे आकडे), दर हूकला एक बिट. हूक वर असेल तर १, खाली असेल तर ०. ही फाइल जेसन या मजकुराच्या स्वरूपातून मागाजवळच्या कॉम्प्युटरला पाठवायची आहे, म्हणून ‘सी’मध्ये बेस-६४ चे (कोणतेही बाइट ६४ साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) फंक्शन लिहिले. भरगच्च नक्षीची डिझाइन नीट जातात, पण साध्या काठाच्या डिझाइनची चार-आठ अक्षरेच निघतात. असे का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : लक्षणांवरून तुमचे फंक्शन डेटाची लांबी स्ट्रलेनने, म्हणजे स्ट्रिंगची लांबी मोजणाऱ्या फंक्शनने, काढत असावे. स्ट्रलेन पहिल्या शून्य बाइटपाशी थांबते. एका बाइटात येणारे आठही हूक खाली असले की तो बाइट शून्य होतो, आणि साध्या काठात असे बाइट सुरुवातीलाच येतात. भरगच्च डिझाइन ‘नीट’ जातात तीही नशिबाने, कारण शून्य सापडले नाही तर स्ट्रलेन बफरच्या पलीकडची मेमरीही वाचत सुटते.

बायनरी डेटा म्हणजे स्ट्रिंग (शून्य बाइटाने संपणारा मजकूर) नव्हे. पॉइंटरबरोबर लांबी हा दुसरा पॅरामीटर द्यायलाच हवा, तोही साइझ-टी (लांबीसाठीचा अनसाइन्ड पूर्णांक) प्रकारचा. ही एक सवय लागली तर या कामातल्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

बफरचे गणितही आधी करून ठेवा. बेस-६४ दर ३ बाइटांची ४ अक्षरे करते, शेवटी बाइट कमी पडले तर बरोबरच्या चिन्हाने (=) जागा भरते (हे पॅडिंग), म्हणून अक्षरे = (लांबी + २) / ३ × ४. भागाकार पूर्णांकी, आणि क्रम हाच ठेवा. आधी ४ ने गुणून मग भागले तर उत्तर चुकते. तुमची एक ओळ १,३४४ / ८ = १६८ बाइटांची, तिची अक्षरे २२४. ४०० ओळींचे डिझाइन ६७,२०० बाइट, म्हणजे ८९,६०० अक्षरे. शेवटच्या शून्य बाइटासाठी एक जागा जास्त धरून मेमरी देणाऱ्या मॅलॉकला ८९,६०१ मागा. तो एक बाइट विसरला तर प्रोग्रॅम बहुतेक वेळा चालतो आणि भलत्याच दिवशी कोसळतो.

पलीकडच्या टोकालाही हाच नियम आहे. डीकोड केलेली लांबी = अक्षरे / ४ × ३, त्यातून शेवटी असलेली बरोबरची चिन्हे वजा. ही लांबी फंक्शनमधून परत द्या आणि फाइल एफराइटने लिहा. प्रिंटएफच्या ‘%s’ जातीच्या स्ट्रिंग-छपाईने लिहिली तर तीही पहिल्या शून्यापाशी तुटेल. बाइटातला पहिला हूक डावीकडचा धरायचा की उजवीकडचा, हे मात्र दोन्ही टोकांनी आपसात ठरवायचे. बेस-६४ त्यात हात घालत नाही.

प्रश्न : माझे एन्कोडर इंग्रजी मजकुरावर बरोबर चालते. मराठी मजकूर दिला की लिनक्स लॅपटॉपवर उत्तरात सगळीकडे ‘//+’ दिसते. तोच कोड रास्पबेरी पायवर मात्र बरोबर उत्तर देतो. कंपायलर बिघडला आहे का?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : कंपायलर ठीक आहे. तुम्ही बाइट साध्या ‘चार’ (char) प्रकारात घेतले आहेत. साधा ‘चार’ चिन्हासहित असावा की चिन्हाविना, हे ‘सी’चे मानक कंपायलरवर सोडते. इंटेल जातीच्या लॅपटॉपवर तो सहसा चिन्हासहित असतो, रास्पबेरी पायसारख्या एआरएमच्या लिनक्सवर चिन्हाविना. इंग्रजी अक्षरे १२८ च्या खाली असल्याने तिथे हा फरक दिसत नाही.

‘सोलापूर’मधला ‘स’ घ्या. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत) त्याचे तीन बाइट : २२४, १६४, १८४. बिट मांडले तर १११००००० १०१००१०० १०१११०००. सहा-सहाचे गट पाडले की ५६, १०, १८, ५६. बेस-६४ च्या तक्त्यात त्यांची अक्षरे ४, कॅपिटल के, कॅपिटल एस, ४. हे बरोबर उत्तर.

चिन्हासहित ‘चार’मध्ये १८४ चा उणे ७२ होतो. तीन बाइट एका इंटमध्ये ‘ऑर’ने जोडताना उणे ७२ आपले वरचे सगळे बिट १ करून घेऊन येतो आणि पहिले दोन बाइट त्याखाली बुजून जातात. गट होतात ६३, ६३, ६२, ५६. म्हणून ‘//+४’. शेवटचे अक्षर बरोबर आणि आधीची तीन कायम तीच, ही या चुकीची पक्की खूण.

उपाय : पॅरामीटर ‘कॉन्स्ट अनसाइन्ड चार’ पॉइंटर करा आणि बाइट सरकवण्याआधी ३२ बिटांच्या अनसाइन्ड प्रकारात घ्या. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते. त्यामुळे ‘सोलापूर’ची सात चिन्हे, २१ बाइट आणि नेमकी २८ अक्षरे होतात, शेवटी बरोबरचे चिन्ह येतच नाही. म्हणून नुसत्या मराठी शब्दांवर चाचणी घेऊन थांबू नका, पॅडिंगचा कोड त्यात तपासलाच जात नाही.

प्रश्न : मोठा फोटो ४,०९६ बाइटांच्या तुकड्यांनी वाचून एन्कोड करतो. डीकोड केल्यावर फोटोची वरची पट्टी तेवढी दिसते.
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : ४,०९६ ला ३ ने भागले की १ उरतो. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ‘==’ लागते आणि बरेच डीकोडर पहिल्या ‘=’ लाच मजकूर संपला असे धरतात. तुकडा ३,०७२ बाइटांचा घ्या. त्याची बरोबर ४,०९६ अक्षरे होतात. पॅडिंग फक्त शेवटच्या तुकड्याला लागले पाहिजे. नेटवर्कच्या सॉकेटवरून रेसीव्हने वाचत असाल तर मागितले तेवढे बाइट एका वेळी येतीलच असे नाही. उरलेले एक-दोन बाइट पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला जोडा.

विंडोजवर फाइल ‘आरबी’ मोडमध्येच उघडा. नुसत्या ‘आर’मध्ये १३-१० ही जोडी १० होते आणि २६ हा बाइट दिसला की फाइल संपली असे धरले जाते. फोटोत हे आकडे हमखास सापडतात.

प्रश्न : डीकोडर लिहिताना कशाची काळजी घ्यावी?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : २५६ खणांचा तक्ता करा, ६४ अक्षरांना त्यांची किंमत आणि बाकी सगळ्यांना उणे १. ईमेलच्या माइममध्ये ओळ जास्तीत जास्त ७६ अक्षरांची, पेम स्वरूपातल्या सर्टिफिकेटमध्ये ६४ ची, तेव्हा ओळी मोडणारी अक्षरे गाळायची की नाकारायची हे आधी ठरवा. यूआरएलसाठीच्या प्रकारात अधिक आणि स्लॅशच्या जागी वजा आणि अंडरस्कोर येतात. चार-चारचे गट पाडून शेवटी एकच अक्षर उरले तर मजकूर तुटलेला आहे. अंदाजाने पुढे जाऊ नका.

पॅडिंगआधीच्या अक्षरातले फाजील बिट शून्य आहेत का, हेही पाहा. कॅपिटल ए चे एन्कोडिंग ‘क्यू क्यू = =’. पण ढिला डीकोडर ‘क्यू आर = =’ लाही तेच उत्तर देतो. सही किंवा टोकन ताडून पाहायचे असेल तिथे एकाच डेटाची दोन रूपे चालणे धोक्याचे.

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीचे तयार डीकोड-ब्लॉक फंक्शन वापरणार असाल तर ते परत देते त्या लांबीत पॅडिंगचे बाइटही धरलेले असतात. ते तुम्हीच वजा करायचे.

प्रश्न : पासवर्ड बेस-६४ करून फाइलमध्ये ठेवला तर चालेल?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : नाही. त्यात किल्ली नसते. फाइल हाती लागलेला कोणीही तो एका कमांडने उलटवू शकतो.