मामाने दिलेला आयफोन इथलं सिम घेत नाही

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेत असतो. दिवाळीला अमळनेरला आला तेव्हा त्याचा वापरलेला आयफोन १३ माझ्या मुलीला देऊन गेला. इथलं सिम टाकलं की ‘सिम नॉट सपोर्टेड’ येतं, वायफायवर सगळं चालतं. जळगावात एका दुकानात साडेचार हजारात अनलॉक करून देतो म्हणाले. देऊ का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, अजिबात देऊ नका. फोन बिघडलेला नाहीये. अमेरिकेत हप्त्यावर घेतलेला फोन बऱ्याचदा विकणाऱ्या मोबाइल कंपनीच्याच सिमला बांधून देतात. आयफोनचं हे कुलूप कंपनीच्या आणि ॲपलच्या रेकॉर्डला असतं, त्यामुळे उघडायचं ते कंपनीनेच, दुकानात फोन खोलून काही होत नाही.

आधी सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जाऊन खाली कॅरियर लॉक बघा. ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ नसेल तर फोन लॉकच आहे. मग *#०६# डायल करा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर येईल, तो भावाला पाठवा आणि त्याने फोन ज्या कंपनीकडून घेतला तिच्याकडे अनलॉकची रिक्वेस्ट टाकायला सांगा. एटी अँड टी या तिथल्या मोबाइल कंपनीचा असेल तर पूर्ण पैसे फिटलेले आणि ६० दिवस वापर झालेला लागतो, टी-मोबाइलच्या महिन्याच्या बिलवाल्या फोनला ४० दिवस. हप्ते बाकी असतील तर ते आधी फेडावे लागतील, पण अनलॉकचे वेगळे पैसे लागत नाहीत. आखाजीला तो येईपर्यंत थांबायची पण गरज नाही, हे ऑनलाइन होतं.

माझ्या चुलतभावाने असल्याच फोनला धुळ्यात एकाकडून सिमखाली नखाएवढी पातळ चिप चिकटवून घेतली होती, दोन महिने चाललं मग अपडेट आला आणि नेटवर्क गायब, वर ट्रे काढताना चिप आतच अडकली ती चिमट्याने काढता काढता अर्धा तास गेला. आणि कोणी आयएमईआयच बदलून देतो म्हणाला तर तिथून सरळ निघा, २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

मला तर हे कुलूपच पटत नाही. बैलाचे पैसे चुकते केले की दावं आपल्या हातात यायला पाहिजे ना? अमेरिकेत २०१३ मध्ये कंपनीला न विचारता नवीन फोन अनलॉक करणं बेकायदा झालं होतं, लाखावर लोकांनी सह्या केल्या तेव्हा २०१४ ला कायदा करून ती मुभा परत दिली. कॅनडाने २०१७ पासून आणि ब्रिटनने २०२१ पासून लॉक केलेले फोन विकणंच बंद केलं. आपल्याकडे जिओफोन सोडला तर हा त्रास फारसा कोणी बघितलेला नाही, म्हणूनच दुकानदार सांगेल ते खरं वाटतं.

अनलॉक झाल्याचा मेल आला की इथलं सिम टाकून फोन वायफायला जोडा. तरी नाही घेतलं तर बॅकअप काढून एकदा रिसेट करा, पण त्याआधी भावाचा ॲपल आयडी त्यातून निघालाय का ते नक्की बघा, नाहीतर रिसेटनंतर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसेल.