दोघंही राजी असतील तर घटस्फोटाला वकील कशाला हवा?

कौटुंबिक न्यायालयात वकिलाची सक्ती नाही, पण संमतीच्या अटींचा मसुदा तरी वकिलाकडूनच करून घ्या.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार वर्षभर वेगळं राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा. सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहून संमती सांगायची. सगळं आधीच मिटलं असेल तर हा काळ न्यायालय माफ करू शकतं (सर्वोच्च न्यायालय, २०१७). नोटरीकडे स्टॅम्प पेपरवर केलेली ‘फारकत’ मात्र कोर्टात टिकत नाही, तिच्या भरवशावर दुसरं लग्न करू नका!

खरी मेख अटींत असते. ‘दागिने परत मिळाले’ एवढ्या एका ओळीवर सही झाली आणि पाटल्या अजून सासरच्या लॉकरमध्येच असल्या, तर पुढे काय दाखवणार? फ्लॅट एकाच्या नावावर केला तरी बँकेच्या कर्जावर दुसऱ्याची सही तशीच राहते. मुलं सुट्टीत कुणाकडे, पोटगी एकरकमी की दरमहा, हेही तारखांसकट लिहा. हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरवतात.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.