गोल्फ हा खेळ आहे की श्रीमंतांचा टाइमपास?

खेळच आहे. आणि ‘ज्यात चेंडू जागचा हलत नाही त्यात कसला आलाय कस?’ असं तुम्ही पुढे विचारलंय ना, ते वाचून आमचे आबा आठवले, म्हणून लिहितोय.

श्रीमंतीचं म्हणाल तर उगम बघा. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची रेताड, पीक न येणारी, मेंढ्या चारायची जमीन. तिथला हा खेळ. त्यापायी लोक तिरंदाजीचा सराव बुडवतात म्हणून 1457 मध्ये तिथल्या पार्लमेंटने बंदी घातली. 1471 ला पुन्हा, 1491 ला पुन्हा. म्हणजे कोणी ऐकतच नव्हतं. शेवटची बंदी चौथ्या जेम्सच्या राज्यातली, आणि 1502 मध्ये त्यानेच स्वतःसाठी गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या! व्हिस्कीच्या बाटलीत अठरा पेग म्हणून गोल्फच्या फेऱ्यात अठरा होल (कमीत कमी फटक्यांत चेंडू घालायचे खड्डे), ही मात्र थाप आहे. सेंट अँड्र्यूजला 22 होलचा फेरा होता, 1764 मध्ये काही होल एकत्र केले, 18 राहिले.

आता आबा, म्हणजे माझे चुलते. पुण्यात शिकताना मी रविवारी गोल्फ क्लबात कॅडी म्हणून खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलायचो. एका मेंबरने जुनी सात नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाची गोल्फची काठी दिली, ती घेऊन मे महिन्यात पारोळ्याकडे गावी आलो. गायरानात खड्डा खणून ऑइल पेंटचा लिटरचा रिकामा डबा पुरला. खऱ्या होलचा व्यास 108 मिलिमीटर, डबा जवळपास तेवढाच. आबा लिंबाखालून बघत होते. म्हणाले, “बॉल जागावरच शे, तरी तुले मारता येत नही?”

म्हटलं, मारा. आबांनी काठी कुऱ्हाडीसारखी उचलली अन् घातली. धुराळा उडाला, बॉल तिथंच. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लागला तो थेट बाभळीत. मी म्हणालो, तीन फटके झाले. आबा भडकले, “लागनाच नही तं मोजस कसा?” तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात हा वाद निघतो.

नियम स्पष्ट आहे. मारायच्या इराद्याने काठी फिरवली की तो फटका, चेंडूला लागो न लागो. बहुतेक वेळा अंपायर नसतो, आपले फटके आपणच खरे मोजायचे. कस लागतो तो इथे. आणि थांबलेला चेंडू सोपा नसतो. काठीचं तोंड दोन-तीन अंश फिरलं तरी चेंडू झुडपात जातो, आणि दोष द्यायला समोर बॉलरही नाही.

क्लबांच्या फिया अवाच्या सवा आहेत, हे खरं. पण दिल्लीच्या कोर्सवर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकली, हेही खरं. आपल्याकडे 45 डिग्रीत हिरवळीवर पाणी ओतायला माझा विरोधच आहे, गायरान पुरतं.

सुरुवात करायची तर सेट घेऊ नका, एक जुनी सात नंबर बघा. सोबत वडीलधारं कोणी असेल तर हुकलेला फटका मोजायचा हे खेळाआधी कबूल करून घ्या, नंतर कोणी मानत नाही.