उजेडी पोहोच

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा जिन्यात थांबून तू मला छत्रपती संभाजीनगरचा बेत सांगितलास, तेव्हा माझ्या हातात दळणाचा डबा होता आणि मी घाईत हो म्हणून गेले. रात्री मात्र तो बेत आठवून झोप लागेना. शनिवारी रात्रीची गाडी, रविवारी वेरूळ, सोमवारी अजिंठा आणि त्याच रात्री परत. मैत्रिणीने आयत्या वेळी नकार दिल्यावर एकटीने जावे की नाही, हे तू चार जणांना विचारलेस म्हणे. मला विचारू नकोस, कारण तू जाणार हे मी धरूनच चालले आहे. माझा आक्षेप फक्त रात्रीच्या गाडीला आहे. परक्या गावात उजेडी पोहोचावे.

एका रात्रीचे भाडे वाचेल म्हणून १९८४ साली, तेविसाव्या वर्षी, मीही हेच केले होते. पुण्यात शिवाजीनगरहून रात्रीची एसटी धरली आणि तेव्हाच्या औरंगाबादला पहाटे साडेतीनला उतरले. स्थानकाजवळच्या लॉजवाल्याने ‘एकट्या बाईला खोली देत नाही’ म्हणून दार लावून घेतले. बाकी सगळीकडे अंधार होता, म्हणून पिशवी मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत बाकावर बसून राहिले. मग वेरूळला गेले खरी, पण कैलास लेण्याच्या पायरीवर डोके धरून बसले. अख्खे देऊळ कळसापासून पायापर्यंत एकाच डोंगरातून कोरून काढलेले समोर उभे होते आणि मला फक्त झोप येत होती. दुपारच्या गाडीने परतले, घरी सगळे छान झाले म्हणून सांगितले आणि पुढची अकरा वर्षे कुठेही एकटी गेले नाही. ती अकरा वर्षे मला अजून सलतात.

माझी भाची म्हणते की दोष त्या लॉजवाल्याचा होता, रात्रीचा नव्हता, आणि मी उगीच मुलींना भीती घालते. दोष त्याचाच होता, हे मला मान्य आहे. पण दिवस असता तर मी पुढच्या चार लॉजमध्ये जाऊन विचारले असते. १९९५ साली तसेच झाले: सकाळच्या गाडीने दुपारी पोहोचले, पहिल्या खोलीची कडी नीट लागेना, तशी तिथून निघून पलीकडच्या गल्लीत दुसरी खोली घेतली. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे. उजेडात चूक झाली तर ती सुधारायला वेळ हाताशी असतो, एवढेच मी म्हणते आहे आणि म्हणत राहीन. फोनवरून खोली आधीच ठरवली आहे, असे तू सांगशील. पण फोटोत खोली दिसते, तिथपर्यंत जाणारी गल्ली दिसत नाही. तरीही उजेडीच पोहोच.

आणि बाळ, सोमवारी अजिंठा बंद असते! चार जणांना विचारलेस, पण ही एक गोष्ट पाहिली नाहीस. वेरूळ मंगळवारी बंद असते. तेव्हा रविवारी सकाळी वाकडेवाडीहून सहा-सातची गाडी धर. अंतर सुमारे २३५ किलोमीटर आहे, पाच-सहा तास लागतात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, तर वाचलेले पैसे खोलीवर खर्च कर. खोलीची कडी, पाणी आणि बाहेरचा रस्ता पाहून घे, मग बीबी का मकबरा पाहायला जा. सोमवार पूर्ण वेरूळला दे. तिथे ३४ लेणी आहेत आणि त्यांची तोंडे पश्चिमेकडे आहेत, त्यामुळे ऊन आत शिरते ते दुपारनंतर. सोळावे लेणे, म्हणजे कैलास, त्या वेळेसाठी राखून ठेव. मला ते तसे दिसले १९९५ साली, आणि पहिल्या खेपेला आपण काय गमावले होते ते तेव्हा कळले. मात्र उन्हाच्या नादात थांबून राहू नकोस, दिवेलागणीच्या आत शहरात परत ये. अजिंठा या खेपेला सोड. ते शंभर किलोमीटरवर आहे आणि त्याला स्वतंत्र दिवस हवा.

मंगळवारी कॉलेज बुडेल. बुडू दे.

सहा-सातची गाडी चुकली तर आठची धर. नऊच्या पुढे निघणे झाले तर त्या दिवशी निघूच नकोस, बेत पुढच्या रविवारवर टाक. तिकीट काढलेस की माझी बेल वाजव आणि गाडी सुटण्याची वेळ तेवढी सांग.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू