विद्यापीठांनी विद्यार्थ्यांना ध्रुवप्रदेशात पाठवून खरंच काय साधतं?

तुम्ही विचारलंय, की विद्यापीठाने पोरांना उन्हाळाभर बर्फात नेलं तर हौस फिटण्यापलीकडे विज्ञानाच्या पदरात काही पडतं का. मी महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवतो. दरवर्षी फळ्यावर अन्नजाळं काढताना मला ऑक्सफर्ड विद्यापीठाची १९२१ सालची स्पिट्सबर्गेन मोहीम आठवते. स्पिट्सबर्गेन म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकमधलं एक बेट.

प्राणिशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले यांनी त्या मोहिमेत प्राणिशास्त्राचा एक विद्यार्थी नेला होता. चार्ल्स एल्टन, वय एकवीस. तो आणि वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिक्टर समरहेज, दोघांनी बेअर आयलंड आणि स्पिट्सबर्गेनवर कोण काय खातं याचा माग काढला. आपल्या सह्याद्रीत हे करायला गेलात तर एका ओढ्याकाठी जन्म सरेल, इतक्या जाती! तिथे त्या मोजक्याच, म्हणून सगळा हिशेब एका आकृतीत मावला. समुद्रपक्षी पोट भरतात समुद्रात आणि घरटी करतात कड्यांवर. त्यांच्या विष्ठेतला नायट्रोजन मातीत उतरतो, त्यावर झाडोरा वाढतो, झाडोऱ्यावर किडे, किड्यांवर कोळी आणि लहान पक्षी, पक्ष्यांवर ध्रुवीय कोल्हा. हाच कोल्हा पांढऱ्या अस्वलाने टाकलेलं सीलचं मांस खातो, अस्वलाची विष्ठासुद्धा सोडत नाही. म्हणजे त्या उजाड बेटांवरचं जगणं बरंचसं समुद्रानेच पोसलेलं. ही आकृती १९२३ साली छापली गेली. आज शाळेच्या पुस्तकात दिसणाऱ्या अन्नजाळ्याच्या आकृत्या त्याच घराण्यातल्या आहेत.

एल्टन १९२३ मध्ये ऑक्सफर्डच्याच मर्टन कॉलेजच्या मोहिमेबरोबर पुन्हा गेला. परतताना नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात त्याने नॉर्वेच्या सस्तन प्राण्यांवरचं एक जाडजूड पुस्तक विकत घेतलं. त्यात लेमिंग नावाच्या उंदरांची संख्या काही वर्षांच्या अंतराने भरमसाट वाढल्याच्या नोंदी होत्या. प्राण्यांची संख्या कमीजास्त का होते, हा प्रश्न त्याने मग आयुष्यभर सोडला नाही. मला तर हे पुस्तक हाती लागणं आकृतीइतकंच मोलाचं वाटतं.

१९२४ च्या ऑक्सफर्ड मोहिमेचे डॉक्टर होते हॉवर्ड फ्लोरी, पुढे पेनिसिलिनसाठी नोबेल मिळालेले.

स्पिट्सबर्गेनवरच न्यू-ऑलेसुंडला २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' केंद्र आहे. गोव्यातलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ते चालवतं आणि आर्क्टिकमधल्या कामासाठी विद्यापीठांकडूनही प्रस्ताव मागवतं. तुमच्या घरातलं कोणी संशोधन करत असेल, तर आधी मार्गदर्शकांशी बोलायला सांगा.