राखणीला निघालेल्या मुलीस

अनेक उत्तम आशीर्वाद.

सहा महिन्यांसाठी मॉरिशसला जायचं नक्की झालं हे वाचून आनंद झाला. पत्रात तू तीनदा 'पक्षी वाचवायला' असं लिहिलं आहेस. मोजलं मी, मास्तरकीची खोड जात नाही. आज त्या एका शब्दाबद्दलच लिहितो.

पहिले काही आठवडे तुझ्या हातात दुर्बिणीपेक्षा कोयताच जास्त असेल. बेटावर चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. आधी डचांनी आबनूस तोडला, मग फ्रेंच-इंग्रजांच्या काळात उसाने जमीन गिळली. जे उरलं त्यात चिनी पेरू घुसला आहे. लालचुटुक, आंबटगोड फळ. लोक मीठ-तिखट लावून आवडीने खातात. पण त्याचं रान इतकं दाट माजतं की खाली आबनुसाच्या रोपाला ऊन मिळत नाही. डुकरं आणि माकडं, तीही बाहेरून आणलेलीच, फळं खाऊन बिया सगळीकडे पसरवतात. म्हणून उपटायचं, पुढे सरकायचं आणि पुन्हा मागे येऊन उपटायचं. मी तिथे दोन हंगाम हेच केलं. पहिल्या पंधरवड्यात मनात यायचं, बेणणीच करायची होती तर घरची काजूची बाग काय वाईट होती?

मॉरिशस केस्ट्रेलची गोष्ट तुला माहीत आहेच. १९७४ मध्ये या छोट्या ससाण्याचे निसर्गात फक्त चारच पक्षी माहीत होते. पुढे जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यातली पहिली अंडी काढून कृत्रिमरीत्या उबवली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. रानातल्या जोड्यांना खाणं पुरवलं, घरट्यांसाठी पेट्या लावल्या. संख्या काहीशेंवर गेली. भाषणांमध्ये गोष्ट इथे संपते आणि टाळ्या पडतात. पुढचं फारसं कोणी सांगत नाही. नव्वदीच्या दशकात ते कसून चाललेलं काम आवरतं घेतलं गेलं, नंतर संख्या पुन्हा घसरली आणि २०१४ मध्ये हा पक्षी परत 'संकटग्रस्त' यादीत गेला. गुलाबी कबुतरं १९९० च्या सुमाराला रानात जेमतेम दहा उरली होती. आज काहीशे आहेत, पण त्यांना अजून दाणे घालावे लागतात. आपल्याकडे बागेला राखण लागते ना, तसंच हे. एकदा वाचवलं आणि सुटलो, असं होत नाही.

आता वटवाघळांकडे येतो, कारण तुझी खरी परीक्षा तिथे आहे. डोडो गेला, बेटावरची मूळची मोठी कासवं गेली. आता रानातल्या मोठ्या बियांची फळं लांब नेऊन टाकणारं मुख्यतः हे फळं खाणारं वटवाघूळच उरलं आहे. पण वर्षाअखेरीस लिची पिकते, आणि तीही त्याला आवडते. २०१५ मध्ये सरकारनेच मोहीम काढून तीस हजारांहून अधिक वटवाघळं मारली. पुढेही मोहिमा झाल्या, आणि २०१८ मध्ये हा प्राणीही 'संकटग्रस्त' ठरला. तुला संताप येईल, येऊ दे. पण अंगणात लिचीचं एकच झाड असलेला म्हातारा तावातावाने बोलू लागला, तर त्याला परागीभवन समजावायला जाऊ नकोस. कोकणात माकडांनी नारळ-फणसांचा सत्यानाश केल्यावर आपल्या काकांची तोंडं कशी होतात ते आठव. आधी त्याचं पूर्ण ऐक. मग झाड छाटून बुटकं करायला आणि त्यावर जाळी चढवायला हात लाव. मला हे शहाणपण उशिरा सुचलं. एका घरी मी व्याख्यान झोडलं आणि पुढचे दोन महिने त्या गल्लीत मला कुणी पाणीही विचारलं नाही.

क्रिओल शिकून घे. कोकणातून गिरमिटावर, म्हणजे कराराच्या मजुरीवर, गेलेल्यांची नातवंडं-पणतवंडं तिथे भेटतील, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पण रोजचं बोलणं क्रिओलमध्येच. मराठी ऐकायला मिळेल म्हणून हुरळू नकोस, आणि नाही मिळालं म्हणून नाराजही होऊ नकोस.

या लोकांना निसर्गाची पर्वा नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला २०२० सालची गोष्ट सांग. जुलैमध्ये वाकाशियो जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळावर चढलं, आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल खाजणात उतरलं. तेव्हा हजारो माणसांनी कापडाच्या पिशव्यांत उसाचं पाचट भरलं, त्या शिवल्या आणि पाण्यावर आडव्या टाकून तेल अडवलं. त्यात लिचीवालेही असणारच.

मॉरिशसजवळच्या छोट्या राउंड बेटावर जायची संधी मिळाली तर सोडू नकोस. शेळ्या आणि सशांनी ते बेट बोडकं करून टाकलं होतं. शेवटचे ससे १९८६ मध्ये काढले, पण जमिनीत बिळं करणारा तिथला बोआ साप १९७५ नंतर कुणाला दिसला नाही. निघण्याआधी सामान, बूट, मोजे झडती घेतल्यासारखे तपासतात. वैतागू नकोस, आपल्या मोज्याच्या शिवणीत एखादं बी अडकलेलं असू शकतं.

गमबूट इथूनच घे, मापाचे. चिनी पेरू पिकले असतील तर मीठ-तिखट लावून जरूर खा. फक्त रानात बिया थुंकू नकोस.

तुझा,
सर