रेडिओवर बोलणारा प्रवासी आणि कलम ३०

सीमेपलीकडच्या विमानतळावर उतरताना नियंत्रण मनोऱ्याशी आपण नव्हे, तर शेजारी बसलेले आपले मित्र बोलत होते आणि त्यांचे रेडिओ प्रमाणपत्र विमानाची नोंदणी असलेल्या देशाचे नाही, म्हणून आपल्याला नोटीस आली आहे, असे आपण पत्रात लिहिता. खासगी वैमानिकांकडून अशी पत्रे वरचेवर येतात आणि ‘विमान मीच चालवत होतो, माझा परवाना चालू होता’ हाच बचाव प्रत्येकात असतो. त्याविषयी नोटिशीत वादच नाही.

सारे प्रकरण १९४४च्या शिकागो कराराच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, कलम ३०मधील दुसऱ्या परिच्छेदावर ठरेल. विमानातील प्रक्षेपक, म्हणजे रेडिओवरून संदेश पाठवणारे यंत्र, केवळ उड्डाण कर्मचाऱ्यांनी वापरावा आणि त्यांच्याजवळ त्यासाठीचा खास परवाना विमानाच्या नोंदणीच्या देशाने दिलेला असावा, अशा त्याच्या दोन अटी आहेत. मित्रांचे प्रमाणपत्र परक्या देशाचे असल्याने दुसरी अट तेथेच कोसळते. पहिली आपणच घालवलीत, कारण आगमनाच्या घोषणापत्रात त्यांचे नाव आपल्या सहीने प्रवाशांच्या यादीत आहे. ते आता कर्मचाऱ्यांत दाखवावे का, असे आपण विचारता. मुळीच नाही, त्याने दुसरी अट पुरी होत नाहीच, उलट खोट्या दस्तऐवजाचा आरोप मात्र ओढवेल.

‘आमच्याकडे कोणी विचारत नाही’ हेही सांगू नये. अमेरिकेत १९९६पासून देशांतर्गत खासगी उड्डाणांना रेडिओचा वेगळा परवाना लागत नाही, तरी सीमा ओलांडताच विमानाच्या रेडिओ केंद्राचा (म्हणजे विमानातील रेडिओ यंत्रणेचा) आणि बोलणाऱ्याचा, असे दोन्ही परवाने लागतात. संकटातील विमानाने मदतीसाठी हाती असेल ते साधन वापरण्यास आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांची आडकाठी नाही. पण आपल्या पत्रात संकटाचा मागमूसही नाही.

परवानाधारकाच्या देखरेखीखाली दुसऱ्याने बोलणे क्षम्य ठरेल का आणि दंड किती होईल, हे नोटीस देणाऱ्या देशाच्या नियमांवर अवलंबून आहे. ते पाहिल्याशिवाय मी शब्द देणार नाही. विमानाच्या रेडिओ केंद्राच्या परवान्याची मुदत मात्र आजच तपासा, कारण त्याच कराराच्या कलम २९प्रमाणे तो विमानात असावाच लागतो.

नोटीस आल्यावर आपण इतके दिवस गप्प का बसलात, हे मला उमगलेले नाही. उत्तराची मुदत अजून संपलेली नसेल, तर कारणे न लांबवता लेखी मुदतवाढ मागा आणि पोच घ्या. स्थानिक वकील नेमेपर्यंत घडलेल्या प्रकाराबद्दल एकही कबुली लिहून देऊ नका.